काचेची खोली

गेल्या अंकाला कविता मागितली होती, मी दिली नाही. संपादक दोस्त चिडला. त्याला वाटलं, लग्न झालं आन् गडी थंड पडला. आता कविता नाहीच, हे लिहून देतोय. छापायचं तर छापा. यात मोर्चा नाही, घोषणा नाही. एका दाराची गोष्ट आहे. पण ती लिहिल्याशिवाय मला पुढची ओळ सुचायची नाही, एवढं खरं.

मी जिनिंगमध्ये कामाला आहे. माजलगावच्या बाजूला. कापूस निघाला की बारा बारा तासांची पाळी. डबल रोलर जिन म्हणजे चामड्याच्या चकत्या ओवलेले दोन रोलर, मधी स्थिर सुरी, त्यातून रुई ओढली जाते आन् सरकी खाली गळते. मेलेलं ढोर ओढायचं आमच्या आज्यानं सोडलं, नातवाच्या नशिबी पुन्हा चामड्याचाच रोलर. असो. रुईची बारीक धूळ नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीवर. घरी आलो की बायको आधी अंगणात झाडून घेती मला, मग आत घेती.

तर घर. घरकुल मंजूर झालं. 269 चौरस फूट. सरकारी हिशोबात माणसाला जगायला एवढं पुरतं. पुढं एक खोली, मागं एक खोली, कडंला संडास. पैसा हप्त्यानं येतो. पाया झाला की साहेब येऊन मोबाईलवर फोटो काढतो, भिंती वर आल्या की पुन्हा फोटो, स्लॅब पडला की पुन्हा. आमच्या घराचे सगळे फोटो सरकारजवळ आहेत, पर एकाही फोटोत दार नाही. कारण दारापर्यंत यायच्या आधीच पैसा सरला. सिमेंट महागलं, वाळूचं तर बोलायलाच नको. नदी आपल्या उशाला आन् वाळू ट्रॅक्टरवाल्याच्या खिशात.

पुढच्या खोलीला जुनंच पत्र्याचं कवाड लावलं. मागच्या खोलीला मिस्त्रीनं पाच फुटाचा गाळा सोडला होता, पुढं कधी एखादी खोली वाढवली तर असावा म्हणून. त्या गाळ्याच्या पलीकडं आमचं तीन पावलांचं परसू आन् परसाला लागून पाणंद. सगळं गाव शेताला जातं ते त्याच वाटेनं.

माजलगावात रस्ता रुंद झाला तवा काही दुकानं मागं सरकली. त्यातल्या एका दुकानाची अॅल्युमिनियमची सरकती दारं भंगारात आली. दोन पल्ले, आरपार काच, चाकावर पळणारी. लाकडी दाराच्या निम्म्या पैशात. मी बघितली आन् येडाच झालो. दोस्ताच्या टमटममध्ये उभी धरून आणली, मधी गोधडी घालून. वाटंत खड्डा आला की माझ्या काळजाचा ठोका चुकायचा.

खरं सांगतो, पैशापायी नुसतं नाही घेतलं मी ते दार. आमच्या जुन्या पत्र्याच्या घराला खिडकीच नव्हती. मी शाळा दहावीत सोडली, त्याच्यापुढचं सगळं वाचलं ते गावातल्या खांबाच्या दिव्याखाली. मला उजेड पाहिजे होता. दिवसा, घरात बसून, कागदावर पडणारा उजेड. आन् दुसरं, तेही कबूल करतो. मला दाखवायचं होतं. पाणंदीनं जाणाऱ्या सगळ्या गावाला दाखवायचं होतं की बघा, यांच्या घराला काच आहे.

आजी पहिल्याच दिवशी म्हणाली, "काच म्हंजी दगडाला आवतान."

आजीला 1978 आठवतं. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आन् मराठवाड्यातल्या गावागावांत वस्त्या पेटल्या. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. आजी म्हणते, त्या रात्री आमच्या कवाडावर दगड आले, बाभळीची फळी होती म्हणून टिकली. मी हसलो. म्हणलं, आजी, तो काळ गेला. मग माझं मलाच आठवलं, 2020च्या जुलैत दादरच्या राजगृहावर कुणीतरी चाल करून गेलं, कुंड्या फोडल्या, काचांवर दगड मारले. ज्या घरात माणसांपेक्षा पुस्तकांना जास्त जागा, त्या घराच्या काचा. मी गप झालो. पर दार बसवलंच.

दगड आला नाही. डोळे आले.

माझी बायको धारूरच्या डोंगराकडची. तिचं बालपण फडात गेलं. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली मायबापं पोरांना गाडीत घालून कारखान्याला निघायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हंजी अर्धा कोयता. राहायचं कोपीत. बांबूची चटई कमान करून वाकवायची, वर पाचट, नाहीतर प्लास्टिकचा कागद. आत जायचं तर वाकूनच जावं लागतं, उभं राहता येत नाही. दोनशे कोप्या एका रांगेत, मोरी कुठंच नाही. बायांनी पहाटे तीनला उठायचं, दोघींनी लुगडं धरायचं, तिसरीनं त्याच्या आडोश्याला दोन तांबे अंगावर घ्यायचे. पाळीचे कपडे धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. दुखलं तरी खाडा नको, खाड्याचा दंड. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या समितीचा अहवाल आला. 82,309 बायांत 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. आकडा पेपरात आला, चार दिवस गाड्या आल्या, कॅमेरे आले, बायांना पदर सावरायला सांगून फोटो काढले. माझी सासू म्हणते, आधी कुणी बघत नव्हतं, मग समदेच बघायला आले.

अशा घरातून ती आली. सातवीत शाळा सुटलेली. लग्न ठरताना तिनं एकच विचारलं होतं म्हणे, माझ्या मायेला. "घराला मोरी हाय का, आन् आतून कडी लागती का?"

माय म्हणाली, "लागती."

आन् मी काचेचं दार आणलं.

पहिले आठ दिवस तिनं लुगडं बांधलं दाराला. जुनं, मायेचं. वारा आला की ते फुगायचं, कडंनं फट पडायची. मग मी पेपर चिकटवले, खळीनं. तीन दिवसांत पिवळे पडले, कोपरे सुटले. शिवाय त्यात एका पुढाऱ्याचा फोटो बरोबर आमच्या उशाकडं तोंड करून. ती म्हणाली, "ह्याला काढा आधी, हा बगतोय." म्हणून तो कागद उलटा चिकटवला. मग बाहेरून पुढारी दिसायला लागला, पाणंदीवरची पोरं त्याला मिशा काढायला लागली.

आमचा एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, बाबासाहेबांचं मोठं पोस्टर लाव की, प्रश्नच मिटला. माय त्याच्या अंगावरच गेली. "बाबासाहेब काय पडदा हायेत का रं? निजायच्या खोलीला लावायला?" बाबासाहेब पुढच्या खोलीत आहेत, बुद्धाच्या शेजारी, आन् तिथंच राहतील.

मग मी शहाणपणा केला. गॅरेजवाला माझा वर्गमित्र. त्याच्याकडं गाडीच्या काचेला लावायच्या फिल्मचं भेंडोळं पडून होतं. 2012 साली सुप्रीम कोर्टानं गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी केली तवापासूनचं. मोठ्या माणसांनी काळ्या काचेआड बसू नये म्हणून केलेला कायदा, आन् त्यातलं उरलंसुरलं माझ्या वाट्याला फुकट. बाहेरून आरशासारखी दिसणारी फिल्म. साबणाचं पाणी मारून, पट्टीनं बुडबुडे काढत आम्ही दोघांनी ती लावली. बाहेर जाऊन बघितलं. आतलं काही म्हंजी काही दिसत नव्हतं. आपलंच तोंड, मागं बाभळ, आभाळ. आतून मात्र सगळी पाणंद स्वच्छ. मला लई मजा वाटली. पिढ्यान् पिढ्या गाव आम्हाला बघत आलं. आता मी आत बसून गावाला बघत होतो आन् गावाला स्वतःचंच थोबाड दिसत होतं. पोरं थांबून भांग पाडायची त्यात. यावर एक कविताही केली होती मी. फाडून टाकली.

अकरा दिवसांनी चुलतीनं हापशावर बायकोला कडंला घेतलं. काय बोलली ते मला कळलं नाही. ती घरी आली, हंडा ठेवला आन् भिंतीकडं तोंड करून बसली. जेवली नाही. रात्री दिवा लावू देईना. मी विचारून विचारून थकलो. शेवटी एवढंच म्हणाली, "तुमी बाहीर जावून बगा. मी दिवा लावते."

मी पाणंदीवर गेलो. अंधार होता. तिनं बटण दाबलं.

दोस्तहो, टुरिंग टॉकीजचा पडदा असतो ना, तसं. आमची खाट, उशी, दोरीवरचे कपडे, भिंतीवरचं कॅलेंडर, त्याच्यावरची तारीखसुद्धा. मधी ती उभी. केस सोडलेले. तिला मी दिसत नव्हतो. ती आरशाकडं बघावं तशी माझ्याकडं बघत होती आन् तिला फक्त तीच दिसत होती.

गोष्ट साधी आहे, शाळेत शिकवायला पाहिजे होती. तसल्या काचेची बाजू ठरलेली नसते. जिकडं उजेड जास्त, तिकडून आरसा. जिकडं अंधार, तिकडून आरपार. दिवसा उजेड बाहेर असतो, रात्री आमच्या नऊ वॅटच्या दिव्यात. अंधारात उभा राहणारा बघणार, उजेडात राहणारा दिसणार. अकरा रात्री आम्ही उजेडात होतो. पाणंदीवर कोण कोण होतं, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही. विचारून काय करणार? ज्यांनी भांग पाडले त्यांच्यातलेच असतील. आपल्या वस्तीतले नसतील, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही मला. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो.

मी धावत आत आलो, दिवा विझवला. ती अंधारात म्हणाली, "यंदा मी मायबापासंगं फडाला जाते."

मी म्हणलं, येडी झालीस का? तिकडं कोपीत राहतीस, घर सोडून?

"कोपीला पाचटाची का व्हईना, भिंत असती. आत दिवा लावला तरी बाहीर माणूस दिसत न्हाई."

मी बोललो काहीबाही. भांडलो. म्हणलं, चार दिवसांत पडदा आणतो. तवा ती जे बोलली ते मी इथं मुद्दाम लिहितो, कारण ते तुम्हा सगळ्यांसाठी आहे, माझ्या एकट्यासाठी नाही.

"निस्त्या काचंचं न्हाई ते. म्होरल्या खोलीत तुमची माणसं. रात्री अकराला येत्यात, निजत्यात, सकाळी उठून मागं पाणी प्यायला येत्यात. कुणी खाकरत न्हाई, कुणी हाक मारत न्हाई. वैनी वैनी करत सरळ आत. मी उठून बसायच्या आत माणूस चुलीम्होरं. तुमच्या चळवळीला दार न्हाई, बरं हाय. मला पाह्यजे."

दोन खोल्यांच्या मधी दाराला फक्त फडकं आहे, हे मी कधी मोजलंच नव्हतं. आमचं घर सगळ्यांना उघडं, याचा मला अभिमान. भाषणात सांगायचो. वामकुक्षीला दार लावणारी ती पांढरपेशी माणसं, आपण नव्हे. उघडं घर कुणाच्या जिवावर उघडं राहतं हे मी विचारलं नव्हतं.

मला वाचायचा नाद. त्या आठवड्यात पाळीवरून आलो की झोप येईना, मग 'राज्ये आणि अल्पसंख्याक' काढून बसलो. मार्च 1947 मध्ये बाबासाहेबांनी जो मसुदा दिला, त्याच्या मूलभूत हक्कांत एक कलम होतं. माणसाचं शरीर, त्याचं घर, त्याचे कागद, त्याची चीजवस्तू यांची विनाकारण झडती होऊ नये, हा लोकांचा हक्क. आधी कितीदा वाचलं असेल, पण डोळा थांबला नव्हता. घटनेत ते तसं आलं नाही. पुढं 24 ऑगस्ट 2017 रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, 21व्या कलमातच तो आहे. सत्तर वर्षं लागली. ज्यानं ते कलम लिहिलं तो माणूस पोरगा असताना परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहायचा. खोली एवढीशी की बाप जागा राहायचा, पोरगा निजायचा, दोनला बाप त्याला उठवून अभ्यासाला बसवायचा आन् मग स्वतः आडवा व्हायचा. एका जागेत दोन माणसं पाळीपाळीनं. खोली नसलेल्या माणसालाच खोलीची किंमत कळते. बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तुमाला कामून कळंना?"

तर पडदा. मिलमधून गाठीला गुंडाळायचं फाटकं कापड फिटरला विचारून आणलं. 170 किलोची गाठ सांभाळणारं कापड, त्यातून काय दिसणार! बायकोनं शिवलं. दिसायचं बंद झालं. त्याबरोबर उजेडही बंद. मे महिन्यात ती खोली भट्टी झाली, दुपारी दिवा लावून लिहायला बसायचं. म्हंजी पत्र्याच्या घरातून निघालो आन् पुन्हा तिथंच.

उपाय तिनं काढला, मी नाही. कोयत्याला धार लावायचा कुरुंदाचा दगड तिनं माहेराहून आणलेला. एक दिवस बसल्या बसल्या तिनं तो काचेच्या कोपऱ्यावर पाणी टाकून फिरवला. काच पांढुरकी झाली. तिनं बोट पलीकडं धरलं. बोट दिसंना, नुसती सावली. उजेड मात्र तेवढाच.

मग आम्ही धंद्यालाच लागलो. फिल्म खरवडून काढली. पल्ला रुळावरून उचलला, परसात गोधडीवर आडवा टाकला. सिंदफणेची वाळू चाळून बारीक घेतली. काचेवर वाळू, वाळूवर पाणी, त्यावर फुटक्या काचेचा हाताएवढा तुकडा, कडा घासून बोथट केलेला. गोल गोल फिरवत राहायचं, पाट्यावर चटणी वाटल्यासारखं. वाळू काचेपेक्षा कठीण, ती काचेला बारीक खड्डे पाडते. सुरुवातीला ओरखडे आले, वाळूत खडे राहिले होते. मग गॅरेजमधून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली, तिनं काच एकसारखी झाली, दुधासारखी. एका पल्ल्याला तीन संध्याकाळी. जोर द्यायचा नाही, हात थांबवायचा नाही, कोरडं पडू द्यायचं नाही, कारण ती धूळ छातीत गेली तर रुईपेक्षा वाईट. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईचा. कोयता चालवलेला हात. माय बघत बसायची, आजी म्हणायची, "काचंला बी आंदळी केली गं पोरीनं."

चूक इथंही झालीच. घासलेली बाजू मी बाहेर केली, आतली गुळगुळीत राहावी, पुसायला सोपी म्हणून. मृगाचा पहिला पाऊस आला आन् काच बघता बघता आरपार. पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरतं आन् काच पुन्हा पहिल्यासारखी होते. पावसाची तरी वाट कशाला, एका पोरानं थुंकी लावलेलं बोट फिरवून डोळ्याएवढं भोक करून बघितलं. मी त्याला धरलं. नववीतलं पोरगं. मारणार होतो. बायको म्हणाली, मारू नका, पल्ले उलटे करा. सरकती दारं म्हणून जमलं, बिजागरीची असती तर नसतं जमलं. पल्ले फिरवले, घासलेली बाजू आत घेतली. फक्त कडी बाहेर गेली, म्हणून आतून नवीन भोक पाडून दुसरी बसवावी लागली.

आन् सावली. रात्री दिवा समोरच्या भिंतीवर असला की मधल्या माणसाची सावली काचेवर पडते, तमाशाच्या कनातीवर पडावी तशी. म्हणून दिवा उचलून दाराच्याच भिंतीवर, दाराच्या वर बसवला. आता सावली मागच्या भिंतीवर पडते, आमची आमच्याजवळ राहते. वायर लांबवायला साठ रुपये लागले. काचेला लागून उभं राहिलं तर अजूनही आकार दिसतो, म्हणून तिथं आडवी दोरी बांधली आहे, हातभर आत. तिच्या पलीकडंच वावरायचं.

मधल्या दाराला फळ्यांचं कवाड केलं. मिलमधल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या, खिळे माझे. आतून कडी. कार्यकर्त्यांना सांगितलं, आत जायचं तर कडी वाजवा, ओ आली तरच जा. दोघांना राग आला. एक म्हणाला, तू मध्यमवर्गीय व्हायला लागलास. मी म्हणलं, होऊ दे. दुसरा पंधरा दिवस आलाच नाही. परवा आला. जिल्ह्याच्या बैठकीचा निरोप घेऊन, रात्री साडेदहाला. तहान लागली म्हणाला. सवयीनं फळीला हात लावला, मग थांबला, बोटानं वाजवलं.

आतून ती म्हणाली, "थांबा."

तो थांबला. मी पुढच्या खोलीत त्याच्याशेजारी उभा होतो, मीही थांबलो. बराच वेळ लावला तिनं. यंदा ती फडाला गेलेली नाही.